स्वतःच्या इंजिनचा ईसीयू स्वतः ट्यून करताना: पहिल्या वर्षाचा अनुभव आणि नवशिक्यांसाठी चर्चा

घाटवाटा (पुणे)

माझ्याकडे १९९८ सालची कार्बोरेटरची जिप्सी आहे. तिचे १२९८ सी.सी.चे चार सिलिंडरचे इंजिन मी गेल्या वर्षी फ्युएल इंजेक्शनवर आणले आणि ते चालवण्यासाठी स्पीडुइनो हा मुक्त स्रोत ईसीयू, म्हणजे पेट्रोल आणि स्पार्क ठरवणारा संगणक, बसवला. जॉश स्ट्युअर्ट यांनी सुरू केलेला हा प्रकल्प आर्डुइनो मेगा २५६० या स्वस्त बोर्डावर चालतो, त्याची आकृती आणि प्रोग्रॅम दोन्ही सर्वांना खुले आहेत, आणि लॅपटॉपवर ट्यूनरस्टुडिओ लावून त्यातील प्रत्येक आकडा बदलता येतो. व्यवसायाने मी मेकॅनिक नाही, आणि सुरुवात केली तेव्हा डिस्ट्रिब्युटर खोलण्यापलीकडे माझी मजल नव्हती. या वर्षभरात जे शिकलो ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा धागा काढत आहे.

कायद्याची बाजू आधीच सांगतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात असा बदल करता येत नाही, ज्यामुळे ते निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून वेगळे होईल, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले आहे. माझी गाडी म्हणूनच रस्त्यावर चालत नाही. ती ट्रेलरवरून बंदिस्त मैदानावरील ऑटोक्रॉस शर्यतींना जाते आणि एरवी आमच्या शेतावर असते. रोजच्या गाडीवर हे प्रयोग करू नयेत, असेच माझे मत आहे.

आता मूळ विषय. माझ्या ईसीयूला सिलिंडरमध्ये किती हवा गेली हे थेट कळत नाही. तो मॅनिफोल्डमधील, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधील, दाब आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान मोजतो, त्यावरून हवेची घनता काढतो आणि ‘या आरपीएमला, या दाबाला इंजिन आपल्या क्षमतेच्या किती टक्के हवा भरून घेते’ हे एका तक्त्यात पाहतो. हाच व्हीई तक्ता. माझ्याकडे तो १६ बाय १६ चा आहे, म्हणजे २५६ घरे. ट्यूनिंग म्हणजे ही घरे भरणे, असे मी सुरुवातीला समजत होतो आणि तीच माझी सर्वात मोठी चूक ठरली.

या हिशेबाचा पाया एकदा कागदावर मांडून पाहावा, कारण तो मांडल्यावर पडद्यावरचे आकडे परके वाटत नाहीत. १२९८ सी.सी.चा चौथा भाग ३२४.५ सी.सी. होतो. साधारण २० अंश तापमानाला आणि समुद्रसपाटीच्या दाबाला एवढ्या हवेचे वजन सुमारे ०.३९ ग्रॅम भरते. शुद्ध पेट्रोलला १४.७ पट हवा लागते, म्हणून या हवेला ०.०२६ ग्रॅमच्या आसपास पेट्रोल पुरते. इंजेक्टर मिनिटाला २०० सी.सी. सोडणारा असेल, तर तेवढे पेट्रोल सोडायला त्याला सुमारे १०.७ मिलिसेकंद उघडे राहावे लागते. ‘रिक्वायर्ड फ्युएल’ नावाच्या चौकटीत हाच आकडा जातो आणि पुढचा प्रत्येक तक्ता त्याला कमीजास्त करत राहतो.

चूक कशी झाली ते आता सांगतो. इंजिन सुरू झाल्यावर सायलेन्सरच्या पाइपमध्ये बसवलेला वाइडबँड (धुरातील ऑक्सिजन मोजणारा) सेन्सर आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, मिश्रण फार लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेले, दाखवत होता. मी सॉफ्टवेअरमधील आपोआप दुरुस्ती करणारी सोय चालू केली आणि तिने आयडलजवळची घरे ४४ वरून वाढवत ५८ पर्यंत नेली. शेजारची घरे ४८ ते ५० च्या आसपासच होती, तरीही सेन्सर लीन सांगत असल्यामुळे मी त्याच्यावर विश्वास ठेवला. प्लग काळे पडू लागले, धुराला कच्च्या पेट्रोलचा वास येऊ लागला आणि गाडी गरम असताना मिस मारू लागली. तीन आठवडे मी तक्ता बदलत राहिलो. शेवटी एके दिवशी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि पुढचा पाइप यांच्या सांध्यावर काजळीची बारीक रेघ दिसली. गॅस्केट फुटलेले होते. आयडलला एक्झॉस्टमध्ये दाबाचे हेलकावे येतात, आणि दाब खाली जाताना त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर त्या हवेतला ऑक्सिजन मोजत होता. इंजिन रिच, म्हणजे जादा पेट्रोलवर, चालले होते आणि मी त्यात आणखी पेट्रोल ओतत होतो. भार वाढल्यावर फटीतून हवा आत येत नाही, म्हणून जोरात चालवताना आकडे बरोबर येत होते आणि मला संशयही आला नाही.

गॅस्केट बदलून जुना तक्ता परत टाकला, तेव्हा आयडल पाच मिनिटांत जागेवर आले. तेव्हापासून मी एक क्रम पाळतो: आधी सेन्सर खरे बोलतात का ते तपासायचे, मग टायमिंग, म्हणजे स्पार्क पडण्याची वेळ, खरे आहे का ते पाहायचे, आणि त्यानंतरच तक्त्याला हात लावायचा. इंजिन बंद असताना, नुसती किल्ली फिरवून, मॅनिफोल्ड दाबाचा सेन्सर काय दाखवतो ते पाहावे. पुण्यात, म्हणजे सुमारे ५६० मीटर उंचीवर, तो ९५ किलोपास्कलच्या जवळपास दाखवायला हवा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत कूलंटचे आणि हवेचे तापमान सकाळी सारखेच दिसायला हवे. अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू पूर्ण दाबला, तर थ्रॉटलचा आकडा कुठेही न अडखळता ० पासून १०० पर्यंत जायला हवा. या तपासणीला दहा मिनिटे लागतात. माझे तीन आठवडे मात्र ती न केल्यामुळे गेले.

ज्यांनी हे काम केले आहे, त्यांनी आपले अनुभव जरूर लिहावेत.

दातेरी_चक्र (कोल्हापूर)

घाटवाटा, आपण टायमिंगचा उल्लेख एका वाक्यात संपवला आहे, आणि माझ्या मते नवशिक्याचे इंजिन खरोखर तिथेच धोक्यात येते. पेट्रोल थोडे कमीजास्त झाले तर गाडी कुरकुरते, पण स्पार्क पूर्ण भाराखाली आठ-दहा अंश आधी पडला तर पिस्टनच्या कडा जातात, आणि ते पुष्कळदा कानाला कळण्याआधी होते.

क्रँकवर ३६-१ चे चक्र लावले असेल, तर प्रत्येक दात दहा अंशांचा असतो आणि एक दात गाळलेला असतो, त्यावरून ईसीयूला क्रँकची जागा कळते. तो गाळलेला दात पहिल्या सिलिंडरच्या टीडीसीपासून, म्हणजे पिस्टन सर्वात वर असतो त्या जागेपासून, नेमका किती अंशांवर सेन्सरसमोर येतो, हा आकडा आपणच भरायचा असतो. तो चुकला, तर पडद्यावर १० अंश दिसत असताना प्रत्यक्षात २० अंश असू शकतात, आणि हे जगातील कोणतेही सॉफ्टवेअर ओळखू शकत नाही. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० अंशांवर स्थिर करून टायमिंग लाइट पुलीवरील खुणेवर धरावा आणि खूण १० वर येईपर्यंत तो आकडा सुधारावा. त्यानंतर रेस देऊन ३००० आरपीएमपर्यंत न्यावे. खूण जागेवरच राहिली पाहिजे. आरपीएमसोबत ती सरकत गेली आणि सेन्सर व्हीआर प्रकारचा, म्हणजे नुसती गुंडाळी आणि चुंबक असलेला असेल, तर त्याच्या दोन वायरी उलट्या जोडलेल्या आहेत का ते सर्वप्रथम पाहावे. माझ्याकडे आलेल्या दोन गाड्यांत हाच दोष निघाला.

कार्बोरेटरवरून इंजेक्शनवर जाणाऱ्यांना एक विनंती आहे. जुना डिस्ट्रिब्युटर काढण्यापूर्वी त्याचा पूर्ण आलेख वहीत उतरवून घ्या. व्हॅक्युमची नळी काढून तिचे तोंड बंद करा आणि १००० पासून दर ५०० आरपीएमला लाइटने अ‍ॅडव्हान्स, म्हणजे स्पार्क टीडीसीच्या किती अंश आधी पडतो ते, मोजा. ही झाली तुमच्या स्पार्क तक्त्याची पूर्ण भाराची ओळ. मग नळी लावून पुन्हा मोजा. जो फरक येईल, तो कमी भारासाठीचा जादा अ‍ॅडव्हान्स. इंजिन बनवणाऱ्यांनी चाचण्या घेऊन ठरवलेला हा तक्ता तुमच्या हातात फुकट येतो, आणि इंटरनेटवरून उतरवलेल्या कोणत्याही मॅपपेक्षा (तयार तक्त्यांपेक्षा) तो तुमच्या इंजिनाच्या जास्त जवळचा असतो.

घाटवाटा

दातेरी_चक्र, आपले म्हणणे पूर्णपणे मान्य आहे. मी डिस्ट्रिब्युटरचा आलेख काढला नव्हता, आणि एका विक्रेत्याने ईसीयूसोबत दिलेला तयार मॅप तसाच टाकला होता. त्यात २५०० आरपीएमला पूर्ण भारावर ३४ अंश होते. चढावर इंजिन ठोकू लागले, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप पेटून आवाज येऊ लागला, तेव्हा मी ताबडतोब आठ अंश कमी केले. नंतर एका मित्राकडून तसाच डिस्ट्रिब्युटर आणून, तो तात्पुरता बसवून आलेख काढला.

ठोकणे ऐकण्यासाठी मी एक साधे साधन केले आहे. तांब्याच्या नळीचे एक टोक चपटे करून, त्याला भोक पाडून ते ब्लॉकच्या बोल्टखाली आवळले, दुसऱ्या टोकाला रबरी नळी जोडली आणि ती कारखान्यात वापरतात तशा कानटोपात नेली. एरवी ऐकू न येणारा तो कोरडा, खडे आपटल्यासारखा आवाज त्यातून स्पष्ट येतो. हे ऐकण्याचे काम शेजारी बसलेल्याने करावे. लॅपटॉपही त्याच्याच मांडीवर असावा. चालवणाऱ्याने पडद्याकडे पाहायचे नाही. प्रत्येक फेरीचा डेटालॉग नोंदवायचा आणि गाडी थांबवल्यावरच तो उघडायचा, हा नियम आम्ही पहिल्या दिवसापासून पाळतो.

कोकणकडा (महाड)

धागा मनापासून आवडला. माझ्याकडे नवीन टर्बो पेट्रोल गाडी आहे. ओबीडी पोर्टला (गाडीच्या तपासणीसाठी दिलेल्या सॉकेटला) केबल लावून तिचा मूळ ईसीयू वाचता येतो असे ऐकले आहे. मी तिच्यावर शिकायला सुरुवात केली तर चालेल का? दुसरा प्रश्न पेट्रोलचा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, मग १४.७ हा आकडा कसा चालेल?

शांतला (श्टुटगार्ट)

मी इथे इंजिन कॅलिब्रेशनचेच काम करते, म्हणून दोन्ही प्रश्नांना उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

नवीन गाडीवर शिकू नये, असे मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते. आजचे ईसीयू चालकाने मागितलेल्या टॉर्कपासून हिशेब सुरू करतात. पेडलवरून टॉर्क, टॉर्कवरून लागणारी हवा, त्या हवेवरून थ्रॉटल आणि टर्बोचा दाब, अशी साखळी असते, आणि दुसऱ्या बाजूने प्रत्यक्ष मिळालेला टॉर्क हिशेबाने काढून ती तपासली जाते. त्यात हजारो स्थिरांक आणि तक्ते असतात. बूस्टचा एकच तक्ता वाढवला आणि टॉर्कची मर्यादा तशीच ठेवली, तर ईसीयू स्वतः थ्रॉटल बंद करतो आणि आपल्याला गाडी बिघडल्यासारखी वाटते. वॉरंटी आणि प्रदूषणाचे नियम हे त्याशिवायचे प्रश्न आहेत. ज्या ईसीयूत प्रत्येक आकडा उघडा आहे आणि ज्याचा हिशेब घाटवाटांनी केला तसा कागदावर मांडता येतो, त्यावर आधी शिकावे.

इथेनॉलबद्दल. शुद्ध इथेनॉलला सुमारे ९ पट हवा लागते, त्यामुळे २० टक्के मिश्रणासाठी योग्य प्रमाण साधारण १३.५ येते. गोंधळ असा होतो की, मीटरवर १३.५ आणले पाहिजे असे लोकांना वाटते. वाइडबँड सेन्सर हवा आणि पेट्रोल यांचे वजन करत नाही. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन उरला की कमी पडला, हे तो ओळखतो, म्हणजे त्याला कळतो तो लॅम्डा, मिळालेली हवा भागिले नेमकी लागणारी हवा. मीटर त्या लॅम्डाला १४.७ ने गुणून आकडा दाखवतो. इंधन कोणतेही असो, जाळण्यास नेमकी पुरेल इतकी हवा असेल तेव्हा लॅम्डा १ असतो आणि मीटर १४.७ च दाखवतो. तुम्ही मीटरवर १३.५ आणलेत, तर लॅम्डा ०.९२ होतो आणि सपाट रस्त्यावर संथ चालतानाही विनाकारण पेट्रोल जळते. माझा आग्रह असा आहे की पहिल्याच दिवशी मीटर आणि लॅपटॉप दोन्ही लॅम्डावर ठेवावेत. संथ चालीला १.०, पूर्ण भाराला ०.८६ ते ०.९०, हे आकडे टर्बो नसलेल्या इंजिनासाठी कोणत्याही इंधनावर लागू पडतात. इथेनॉलमुळे इंजेक्टर किती वेळ उघडा राहतो ते मात्र बदलते: घाटवाटांच्या हिशेबातील १०.७ मिलिसेकंद सुमारे साडेअकरा होतील.

घर दुरुस्त करण्याचे सूत्रही लॅम्डाने सोपे होते. जुन्या आकड्याला मोजलेल्या लॅम्डाने गुणायचे आणि हव्या असलेल्या लॅम्डाने भागायचे. घरात ६० आहे, हवा आहे ०.९० आणि दिसतो ०.९९, तर नवा आकडा ६६. आरपीएम आणि दाब काही सेकंद स्थिर राहिले असतील, तेव्हाचेच वाचन यासाठी घ्यावे, कारण धूर सेन्सरपर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि घाईत आपण शेजारच्या घराची चूक या घरात दुरुस्त करतो.

गॅस्केटच्या अनुभवाला आणखी एक जोड. सिलिंडर मिस मारत असेल, तर न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो आणि सेन्सर लीन दाखवतो. मिश्रण अति रिच झाल्यामुळे मिस मारत असेल, तरीही तो लीनच दाखवतो. इंजिन अडखळत असताना आपोआप दुरुस्ती कधीही चालू ठेवू नये.

नवशिका_नाशिक

मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमचा संघ फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेसाठी कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर जाण्याची तयारी करत आहे. आमचे इंजिन एकाच सिलिंडरचे आहे आणि नियमानुसार हवेच्या वाटेत २० मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर, म्हणजे वाट अरुंद करणारा भाग, आहे. आमची अडचण अशी आहे की, मॅनिफोल्ड दाबाचा आकडा आयडलला एका जागी थांबतच नाही, तो ४० आणि ८० च्या मध्ये उड्या मारतो. सेन्सर दोनदा बदलून पाहिला. आम्ही कुठे चुकत आहोत?

दातेरी_चक्र

तुमचा सेन्सर चांगला असावा. चार सिलिंडरांत कोणी ना कोणी सतत हवा ओढत असते, म्हणून दाब जवळपास स्थिर दिसतो. एका सिलिंडरमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढली जाते, मधल्या काळात दाब पुन्हा वर चढतो, आणि ईसीयू कोणत्या क्षणी वाचतो त्यावर आकडा ठरतो. सॉफ्टवेअरमध्ये दाब वाचण्याची पद्धत बदलून पूर्ण चक्रातील किमान दाब घेण्याची सोय असते, ती वापरून पाहा. तेवढ्याने भागले नाही, तर दाबाऐवजी थ्रॉटलच्या कोनावर तक्ता बांधा. या पद्धतीला अल्फा-एन म्हणतात. मात्र त्यात थ्रॉटलच्या पहिल्या दहा टक्क्यांसाठी घरे दाट ठेवा, कारण हवेतला सर्वात मोठा फरक तिथेच पडतो.

नवशिका_नाशिक

आज किमान दाबाची पद्धत लावली. आयडलला आकडा आता ४१ ते ४४ मध्ये राहतो. मनःपूर्वक आभार. आणखी एक प्रश्न: कूलिंग फॅन सुरू झाला की इंजिन लीन होऊन बंद पडते. तक्त्यात तर काहीच बदललेले नसते.

घाटवाटा

हा व्होल्टेजचा प्रश्न असण्याची शक्यता मोठी आहे. इंजेक्टरला वीज मिळाल्यापासून तो प्रत्यक्ष उघडेपर्यंत एक मिलिसेकंदाच्या आसपास वेळ वाया जातो, आणि व्होल्टेज कमी झाले की हा वेळ वाढतो. फॅन लागल्यावर १४ व्होल्टचे १२ झाले आणि वाया जाणारा वेळ ०.३ मिलिसेकंदाने वाढला, तर आयडलच्या अडीच मिलिसेकंदांच्या उघडझापीत तो दहा टक्क्यांहून जास्त फरक पाडतो. इंजेक्टरच्या माहितीपत्रकात व्होल्टेजनुसार हा वेळ दिलेला असतो, तो ईसीयूत भरावा. माझ्या गाडीत हेडलाइट लावल्यावर हेच होत असे.

त्याचबरोबर अर्थिंग तपासावे. वाइडबँडच्या मीटरवर एक आकडा आणि लॅपटॉपवर दुसरा, असे दिसत असेल, तर दोघांचे अर्थिंग वेगवेगळ्या ठिकाणी आहे असे समजावे. माझ्याकडे बॉडीवर घेतलेली वायर ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडला जोडल्यावर तो फरक नाहीसा झाला.

कोकणकडा

शांतलाताई, सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. नव्या गाडीचा विचार सोडून दिला आहे. घाटवाटा, आमच्या इकडे पुढच्या महिन्यात ऑटोक्रॉस आहे. आपण गाडी आणणार असाल, तर मला ती जवळून पाहायची आहे.

घाटवाटा

अवश्य या. तुमच्या गावच्या निमित्ताने एक मुद्दा आठवला, जो मी कोठेही लिहिलेला पाहिला नव्हता. पुण्यात थ्रॉटल पूर्ण उघडले तरी मॅनिफोल्डमधील दाब ९५ च्या वर जात नाही. त्यामुळे माझ्या तक्त्यातील १०० किलोपास्कलच्या ओळीपर्यंत इंजिन वर्षभरात एकदाही प्रत्यक्ष पोहोचलेले नाही, तिथे केवळ अंदाजाचे आकडे आहेत. घाट उतरून तुमच्याकडे आल्यावर पूर्ण भाराला इंजिन थेट त्याच ओळीत जाईल, तेही जास्त दाट हवेत, म्हणजे ठोकण्याची शक्यता सर्वात जास्त असताना. म्हणून मी ९० च्या ओळीतील व्हीई पुढे वाढवत नेऊन १०० ची ओळ भरली आहे, तिथला लॅम्डा ०.८६ ठेवला आहे आणि स्पार्क ९० च्या ओळीपेक्षा तीन अंश मागे घेतला आहे.

आणखी एक काळजी उन्हाची. हवेचे तापमान मोजणारा सेन्सर माझ्याकडे धातूच्या मॅनिफोल्डमध्येच आहे. दोन फेऱ्यांच्या मध्ये गाडी उभी राहिली की तो तापून ७० अंश दाखवतो, आत येणारी हवा मात्र ३० ची असते. ईसीयू हवा विरळ समजून सुमारे १२ टक्के पेट्रोल कमी करतो आणि गाडी पुन्हा सुरू करताना लीन होते. सेन्सर एअर फिल्टरजवळच्या रबरी नळीत हलवण्याचे काम या रविवारी घेतले आहे. मैदानावर सकाळी पहिल्या फेरीत अर्ध्या थ्रॉटलने लॉग घेऊ, गाडी बाजूला लावून तो पाहू, आणि १०० ची ओळ ठीक वाटली तरच पूर्ण थ्रॉटल देऊ. लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी तुम्ही बसलात तर मला आनंदच होईल.